चिंगी लहान आहे, पण का लहान आहे?

वाचकाचं पत्र:

आमची चिंगी चिवावा जातीची, १४ महिन्यांची. वजन १.६ किलो (कडेवर घेऊन काट्यावर उभी राहिले आणि माझं वजन वजा केलं). तिच्याच वेतातल्या दोन बहिणी ओळखीच्यांकडे आहेत, त्या २.६ आणि २.८ किलोच्या झाल्या. घेताना आम्हाला ‘ही टीकप आहे, एवढीशीच राहणार’ असं सांगितलं होतं आणि त्यासाठी पैसेही जास्त घेतले होते. खाते, खेळते, पण कधीकधी जेवणानंतर तासभर मलूल होऊन बसते. पळता पळता मधूनच मागचा एक पाय उचलते, दोन-तीन पावलं लंगडत उड्या मारते आणि मग काही झालंच नाही अशी पळत सुटते. घरात सगळे म्हणतात, लहान कुत्री १६-१७ वर्षं जगतात, निश्चिंत राहा. फिरायला जाताना भेटणाऱ्या एकांनी मात्र सांगितलं की इतकी लहान कुत्री चार-पाच वर्षांत जातात. पुढच्या महिन्यात तिची नसबंदी ठरली आहे. त्याआधी एकदा पिल्लं होऊ द्यावीत असं काहींना वाटतं. तिचा आकार तिच्या आयुष्याच्या आड येईल का? आम्ही नेमकं काय बघायचं?

उत्तर:

घरचे आणि फिरताना भेटणारे गृहस्थ दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत, म्हणून दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. जात लहान असणं आयुष्याच्या बाजूने जातं. जातीतल्या इतरांपेक्षा खूप लहान असणं मात्र त्याच फायद्याचा पुढचा हप्ता नाही. ती वेगळी गोष्ट आहे आणि तिची चौकशी करावी लागते. तुमच्या पत्रातल्या दोन ओळींमुळे ही चौकशी नसबंदीच्या आधीच व्हायला हवी, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्या ओळींकडे येतोच.

आधी जातीचं. प्राण्यांमध्ये साधारणपणे मोठी जनावरं जास्त जगतात. हत्ती उंदरापेक्षा कितीतरी जास्त जगतो. कुत्र्यांच्या आत मात्र हे उलटं आहे. २०१३ साली ७४ जातींच्या नोंदींवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की सरासरी वजनात दर २ किलोंची भर पडली की आयुष्य सुमारे एका महिन्याने कमी होतं आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे मोठी कुत्री लवकर म्हातारी होतात. यामागे वाढीचा वेग आहे. ग्रेट डेनचं पिल्लू पहिल्या वर्षात जन्माच्या वजनाच्या जवळजवळ शंभरपट होतं, लहान जातीचं साधारण वीसपट. शरीराला वाढायला सांगणाऱ्या आयजीएफ-१ या संप्रेरकाचं प्रमाण लहान जातींमध्ये कमी असतं आणि २००७ साली लहान जातींचा आकार त्याच्याच जनुकाशी जोडलेला आढळला. हाडांचा कॅन्सर, पोट फुगून पिळवटणं हे मोठ्या कुत्र्यांना लवकर नेणारे आजार लहान जातींमध्ये बरेच कमी दिसतात.

आता हाच हिशोब चिंगीला लावून बघा. २.८ किलोच्या बहिणीपेक्षा ती १.२ किलोने हलकी आहे. त्या सूत्राने तिला मिळालेलं जादा आयुष्य भरतं जेमतेम अठरा दिवस! शिवाय ते सूत्र जातींची एकमेकींशी तुलना करतं, एकाच वेतातल्या बहिणींची नाही. त्यामुळे ते अठरा दिवसही धरू नका.

लहान जातीचा फायदाही आपोआप पदरात पडत नाही. ब्रिटनमधल्या पाच लाखांहून जास्त कुत्र्यांच्या नोंदींचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात छोट्या डॅक्सहुंडचं मध्यम आयुर्मान १४ वर्षं होतं, लॅब्राडॉरचं १३.१, पोमेरेनियनचं १२.२ आणि चिवावाचं ११.८. पंचवीस-तीस किलोचा लॅब्राडॉर अडीच किलोच्या चिवावाच्या पुढे. फ्रेंच बुलडॉग लहानच असतो, पण चपट्या तोंडामुळे श्वासापासून पाठीच्या कण्यापर्यंत सगळीकडे अडतो, त्याचं ९.८. याचा अर्थ चिंगी ११.८ वर्षंच जगेल असा नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या चिवावा भरपूर असतात. पण ‘लहान आहे ना, मग निश्चिंत’ या वाक्यावर विसंबू नका.

‘टीकप’ नावाची कोणतीही जात किंवा मान्यताप्राप्त प्रकार नाही, तो विक्रीचा शब्द आहे. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या मानकात चिवावाचं आदर्श वजन १.५ ते ३ किलो आहे. म्हणजे चिंगी त्या चौकटीत बसते, पण अगदी तळाला. अशी पिल्लं साधारण तीन वाटांनी येतात. एक, प्रत्येक वेतातलं सगळ्यात लहान पिल्लू निवडून त्यांचीच पुढे जोडी लावायची. यात जन्मजात दोषही सोबत निवडले जातात. दोन, पिल्लू पाच आठवड्यांचं असताना आठ आठवड्यांचं सांगून विकायचं. ते लहान दिसणारच. (आठ आठवड्यांच्या पिल्लाला सहसा दुधाचे सगळे २८ दात आलेले असतात. दाढा हिरडीतून नुकत्या डोकावत असतील तर वय खोटं सांगितलंय असं समजावं.) तीन, कमी खायला घालायचं. दुसरी वाट चिंगीच्या बाबतीत बाद करता येते, कारण लहान जातींची वाढ आठ ते दहा महिन्यांत पुरी होते आणि ती १४ महिन्यांची आहे. बहिणींच्या निम्म्यापेक्षा थोडंच जास्त वजन राहण्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं. कदाचित ती निव्वळ बारीक चणीची असेल. एका वेतात एखादं पिल्लू तसं निघतंच. पण तो निष्कर्ष तपासण्या झाल्यावर काढायचा.

पहिली ओळ: जेवणानंतर तासभर मलूल. भरपेट खाऊन झोपणं वेगळं आणि मलूल होणं वेगळं, हा फरक तुम्हीच ओळखू शकता. झोपलेलं कुत्रं हाक मारली की कान हलवतं, खेळणं दाखवलं की उठतं. मलूल कुत्रं डोळे उघडे ठेवून शून्यात बघतं, अडखळत चालतं, कधी कोपऱ्यात जाऊन भिंतीला डोकं लावून उभं राहतं, कधी लाळ गाळतं. यातलं काही दिसत असेल तर यकृताला वळसा घालणाऱ्या जन्मजात रक्तवाहिनीचा संशय घ्यायला हवा. डॉक्टर याला पोर्टोसिस्टेमिक शंट किंवा नुसतं ‘लिव्हर शंट’ म्हणतात. आतड्यातून येणारं रक्त आधी यकृतात जाऊन गाळलं जायला हवं; इथे ते एका आडवाटेने थेट शरीरात जातं. प्रथिनं पचल्यावर तयार होणारा अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो, म्हणून त्रास जेवणानंतर दिसतो. यकृताला पुरेसं रक्त न मिळाल्याने तेही लहान राहतं आणि पिल्लाची वाढ खुंटते. लहान जातींमध्ये, विशेषतः यॉर्कशायर टेरियर आणि माल्टीजमध्ये हा दोष जास्त सापडतो, चिवावातही असतो. काहींना लघवीत खडे होतात.

तपासणी अवघड नाही. उपाशीपोटी एकदा रक्त घेतात, मग थोडं खायला घालून बरोबर दोन तासांनी पुन्हा घेतात आणि दोन्हीतलं पित्ताम्ल मोजतात. याला ‘बाइल ॲसिड टेस्ट’ म्हणतात. नेहमीच्या रक्ततपासणीत यकृताचे आकडे जवळजवळ ठीक दिसूनही शंट असू शकतो, त्यामुळे ‘ब्लड रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढ्यावर थांबू नका. ही तपासणी नाव घेऊन मागा. पित्ताम्ल वाढलेलं निघालं तर पुढे सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन. हे नसबंदीआधीच का? कारण भुलीची बरीचशी औषधं यकृतच निकाली काढतं. शंट असलेलं कुत्रं भुलीतून नेहमीपेक्षा फार उशिरा उठतं आणि कित्येकदा हा दोष पहिल्यांदा कळतो तो तेव्हाच. आधी कळला तर तीच शस्त्रक्रिया वेगळ्या तयारीने होते, आणि लहान जातींत ही वाहिनी बहुधा यकृताच्या बाहेर असल्याने ती हळूहळू बंद करण्याची शस्त्रक्रियाही करता येते. त्याचे परिणाम बहुतेकदा चांगले असतात.

त्याच भेटीत डॉक्टरांना स्टेथोस्कोप नीट, शांतपणे लावायला सांगा. जन्मजात हृदयदोषामुळेही वाढ खुंटते आणि त्याची खरखर सहसा ऐकू येते. मग डोकं. चिवावांच्या टाळूवर मऊ जागा राहून गेलेली असते, बाळाची टाळू भरलेली नसावी तशी. ती असणं म्हणजेच मेंदूत पाणी असं नव्हे. पुष्कळ कुत्री तशीच ठणठणीत आयुष्य काढतात. तिथे दाबू नका आणि मार लागू देऊ नका, एवढंच. पण डोकं घुमटासारखं फुगीर, डोळे खाली-बाहेर वळलेले, सवयी शिकवूनही डोक्यात न शिरणं, एकाच दिशेने गोल गोल फिरणं किंवा झटके यातलं काही असेल तर मेंदूची तपासणी हवी. बाकी जंत, अपुरं खाणं, थायरॉइडचा जन्मजात अभाव हीही कारणं असतात. जंतांसाठी शौचाची तपासणी करून घ्या, तिला वेळ लागत नाही.

दुसरी ओळ: पाय उचलून लंगडणं. हे वर्णन इतकं नेमकं आहे की न बघताही पहिला अंदाज करता येतो: गुडघ्याची वाटी सरकते आहे. मांडीच्या हाडाच्या टोकाला एक खाच असते, तिच्यात वाटी वर-खाली सरकते. लहान जातींमध्ये ही खाच उथळ असते आणि वाटी आतल्या बाजूला निसटते. पाय वाकलेलाच अडकतो, कुत्रं दोन-तीन पावलं तो उचलून धावतं, पाय मागे ताणतं आणि वाटी जागेवर येते. डॉक्टर हाताने तपासून चार पायऱ्यांत ते मोजतात. पहिल्या पायरीत ढकलली तर निसटते आणि सोडली की परत येते. दुसरीत आपोआप निसटते आणि परत येते. तिसरीत बहुतेक वेळ बाहेरच असते, हाताने परत आणता येते. चौथीत परत जातच नाही. चिंगीची दुसरी असावी. पहिल्या पायरीत शस्त्रक्रिया लागत नाही. दुसरीत लंगडणं वाढतंय का, दुखतंय का यावर ठरतं. तिसरी-चौथी असेल तर उशीर करू नका, कारण वाकडा ताण पडून सांधा झिजतो आणि गुडघ्यातला स्नायुबंध तुटायची शक्यता वाढते. मोबाइलवर बाजूने आणि मागून असे दोन स्लो मोशन व्हिडिओ काढून न्या. दवाखान्यात गेलं की नेमकी लंगडत नाहीत.

मात्र लंगडणं सतत असेल आणि त्या पायाची मांडी दुसऱ्यापेक्षा बारीक वाटत असेल तर खुब्याचा एक्स-रे सांगा. लहान जातींत चार ते अकरा महिन्यांच्या वयात मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो कुजण्याचा आजार होतो आणि तो वाटी सरकण्याच्या आड लपून राहू शकतो.

आता वजन. इथे तुमच्याकडून एक चूक झाली आहे आणि ती सगळ्यांकडूनच होते. आपल्यासकट उचलून केलेल्या वजनात १०० ते २०० ग्रॅमचा फरक सहज पडतो. लॅब्राडॉरला तो जाणवतही नाही. चिंगीच्या वजनाचा तो दहावा हिस्सा आहे. जंतांच्या औषधापासून भुलीपर्यंत सगळे डोस वजनावर ठरतात. ५ किलोपर्यंत मोजणाऱ्या स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर डबा ठेवा, काटा शून्य करा, डब्यात जाड टॉवेल टाकायचा असेल तर तो शून्य करण्याआधी, आणि मग तिला बसवा. आठवड्यातून एकदा, सकाळी, खाण्याआधी. ५० ग्रॅमच्या चढउताराची चिंता नको. दोन-तीन आठवड्यांत १६० ग्रॅम, म्हणजे दहा टक्के घटले तर दवाखाना.

खाणं किती, याचं सूत्र आहे: किलोतल्या वजनाचा ०.७५ घात, गुणिले ७०. चिंगीसाठी ते सुमारे १०० किलोकॅलरी येतं, नुसतं पडून राहण्यापुरतं. नसबंदी झालेल्या, घरात वावरणाऱ्या कुत्रीला याच्या १.४ ते १.६ पट, म्हणजे दिवसाला १४० ते १६०. पाकिटावर १०० ग्रॅमला ३८० किलोकॅलरी लिहिलं असेल तर हे झालं ३७ ते ४२ ग्रॅम कोरडं खाद्य. वाटीने मोजू नका, ग्रॅमने मोजा. दर किलोमागे तिला ३० किलोच्या कुत्र्याच्या दुपटीने ऊर्जा लागते, कारण छोट्या शरीराची उष्णता भराभर निघून जाते. म्हणून एकदाच पोटभर देण्याऐवजी दिवसातून तीनदा द्या. आणि खाऊ? दिवसाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, म्हणजे १५ किलोकॅलरी. बाजारातल्या एका मध्यम बिस्किटात तेवढ्या संपतात. बिस्किटाचे वाटाण्याएवढे तुकडे करा. 

बारीक कुत्रीला लठ्ठपणाची काय भीती, असं वाटेल. पण नसबंदीनंतर भूक वाढते, गरज घटते आणि ‘बिचारी एवढीशी आहे’ म्हणून घरातले पाच जण पाच वेळा भरवतात. लॅब्राडॉरच्या ४८ पिल्लांवर झालेल्या आयुष्यभराच्या अभ्यासात, ज्यांना २५ टक्के कमी खायला दिलं त्यांचं मध्यम आयुष्य १३ वर्षं भरलं आणि जास्त खाणाऱ्यांचं ११.२, हे २००२ साली प्रसिद्ध झालं. २०१९ च्या १२ जातींवरच्या दुसऱ्या अभ्यासात जादा वजनाने सगळ्यात मोठा फटका बसला तो जर्मन शेफर्डला नाही, यॉर्कशायर टेरियरला: नरांमध्ये अडीच वर्षांचा. आकारावर तुमचा ताबा नाही, यावर आहे. तपासायची युक्ती: हाताचा पंजा सपाट धरून त्याच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवा, बरगड्यांवरून फिरवल्यावर तसंच लागलं पाहिजे. मूठ वळून सांध्यांवरून फिरवल्यासारखं टोचत असेल तर ती फार हडकुळी आहे. तळहाताच्या गादीसारखं मऊ लागलं तर जाड. चिंगी आधीच टोचत असेल तर खाणं कमी न करता तपासण्या लवकर करा.

दातांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण लहान कुत्र्यांचं सगळ्यात जास्त दुर्लक्षित दुखणं हेच आहे. मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात. चिंगीलाही ४२. जबडा मात्र एवढासा. दात जबड्याच्या प्रमाणात लहान झालेले नसतात, ते दाटीवाटीने, तिरके बसतात आणि मधे अन्न अडकतं. आज तिचे ओठ उचलून सुळे बघा. एका जागी दोन सुळे, एक जाड आणि एक सुईसारखा बारीक, दिसले तर बारीक तो दुधाचा दात आहे. तो सहा-सात महिन्यांपर्यंत पडायला हवा होता. आपोआप पडण्याची वाट आता बघायची नाही, नसबंदीच्या त्याच भुलीत काढून घ्या. म्हणजे दुसऱ्यांदा भूल नको.

किटण दोन-तीन दिवसांत दगडासारखं घट्ट होतं, म्हणून रोज ब्रश करणं सगळ्यात चांगलं, निदान एक दिवसाआड तरी. पहिला आठवडा बोटाला ओलं सुती कापड गुंडाळून नुसत्या बाहेरच्या बाजूने चोळा. दुसऱ्या आठवड्यात कुत्र्यांची टूथपेस्ट चाटवा आणि कापडावर लावा. मग तान्ह्या बाळाचा मऊ ब्रश, हिरडीच्या कडेला तिरका धरून, एका बाजूला अर्धा मिनिट. आतली बाजू जीभ बऱ्यापैकी साफ करते, तिच्यासाठी झटापट करू नका. माणसांची पेस्ट अजिबात नको. भूल न देता वरवर खरवडून दात पांढरे करून देणारे भेटतील; हिरडीच्या आतली घाण तशीच राहते, फक्त आपलं समाधान होतं. हे सगळं टाळलं तर काय होतं? खालच्या मोठ्या दाढेची मुळं जबड्याच्या हाडाचा बराच भाग व्यापतात. तिथे हिरडी सडली की हाड पोखरतं आणि म्हाताऱ्या छोट्या कुत्रीचा जबडा साध्या उडीने किंवा दात काढतानाही मोडू शकतो.

गळ्यातल्या पट्ट्याला दोरी लावणं आजच बंद करा. छोट्या जातींची श्वासनलिका पुढे ढिली पडून चपटी होते आणि पिपाणी वाजल्यासारखा खोकला येतो, दोरी ओढली किंवा आनंदाने उड्या मारल्या की जास्त. छातीवर बसणारा हार्नेस वापरा. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांचा सांधा कमकुवत असेल तर तोही वाचतो. पट्टा फक्त नावाच्या बिल्ल्यासाठी.

उंची. तिच्या पुढच्या पायाचं हाड पेन्सिलीएवढं जाड आहे, मनगटाजवळ रक्तपुरवठा तुटपुंजा, त्यामुळे तिथे मोडलं तर जुळायला फार त्रास देतं. सोफ्यावरून उडी मारताना किंवा माणसाच्या, त्यातही लहान मुलांच्या हातातून पडून ते मोडतं. मुलांनी तिला जमिनीवर बसूनच घ्यायचं, हा नियम घरात करा. सोफ्यापाशी १० सेंटिमीटर उंचीच्या दोन-तीन रुंद पायऱ्या, त्यावर न घसरणारी चटई. फरशीवर ती जिथून पळते तिथेही चटई टाका. गुडघ्याची वाटी सरकायला घसरणं हे एक निमित्त होतं.

साखर उतरण्याची भीती तीन-चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लांना सगळ्यात जास्त, कारण यकृतात साठा नसतो. पण १.६ किलोच्या मोठ्या कुत्रीलाही दिवसभर उपास, उलट्या किंवा थंडी सोसत नाही. लक्षणं: झिंगल्यासारखं चालणं, थरथर, अंग गार, नजर हरवलेली, शेवटी झटका. मध किंवा दाट साखरपाणी दर किलोला साधारण एक मिलिलीटर, म्हणजे तिला दीड मिलिलीटर, थेंब थेंब करून हिरड्यांवर चोळा. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. टॉवेलात गुंडाळा. पाच-दहा मिनिटांत सावध झाली तर थोडं खायला द्या आणि तरीही दवाखान्यात न्या. घरात साखरमुक्त च्युइंगम किंवा गोळ्या असतील तर त्या उंच ठेवा. त्यातल्या झायलिटॉलने कुत्र्याची साखर धाडकन उतरते. दर किलोला ०.१ ग्रॅम पुरतो, म्हणजे चिंगीला एक गोळी. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या आणि मोठ्या कुत्र्यासाठीचं पिसवांचं औषध अंदाजाने निम्मं करून घालणं, हे दोन्ही बंद.

लशीबाबत उलटा गोंधळ असतो. लशीचा डोस वजनावर ठरत नाही. अर्धी लस म्हणजे अपुरं संरक्षण. मात्र १० किलोखालच्या कुत्र्यांमध्ये चेहरा सुजणं, उलटी अशा प्रतिक्रिया जास्त दिसतात आणि एका भेटीत जितक्या लशी, तितक्या त्या वाढतात. पूर्ण डोस द्या, पण दोन लशी दोन वेगळ्या भेटींत घ्या, आणि लस झाल्यावर अर्धा तास तिथेच थांबा.

पुढे वय वाढलं की हृदय. छोट्या जातींमध्ये डाव्या बाजूची झडप जाड होऊन गळू लागते, तिची खरखर सहसा सात-आठ वर्षांनंतर ऐकू येते. खरखर म्हणजे लगेच हार्ट फेल नव्हे. हृदय मोठं झालेलं पण अजून त्रास नाही अशा टप्प्यावर पिमोबेंडान हे औषध सुरू केल्यास हृदय हरण्याचा दिवस मध्यमानाने सुमारे १५ महिने पुढे जातो, हे २०१६ साली सिद्ध झालं. त्यामुळे सात वर्षांनंतर वर्षातून दोनदा तपासणी. घरी करायचं काम म्हणजे गाढ झोपेत छाती किती वेळा वर-खाली होते ते अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं. ३० च्या आत असायला हवं. आत्तापासून अधूनमधून लिहून ठेवलंत तर तिचा नेहमीचा आकडा कळेल.

पिल्लांचा विचार मात्र सोडा. यात आमचं मत अजिबात डळमळीत नाही. इतक्या लहान कुत्रीच्या पोटात बहुधा एक-दोनच पिल्लं असतात, त्यामुळे ती तिच्या मानाने मोठी होतात. चिवावाचं डोकं गोल, आईचा कटिभाग अरुंद. अडकलं की सिझेरियन, तेही आधीच थकलेल्या कुत्रीवर. व्यायल्यावर तीन-चार आठवडे दूध पाजताना रक्तातलं कॅल्शियम उतरून झटके येण्याचा धोका लहान जातींनाच सगळ्यात जास्त. आणि तिच्या लहानपणामागे जन्मजात दोष असेल तर तो पिल्लांना जाईल. एकदा व्याल्याने कुत्रीच्या तब्येतीला फायदा होतो, यात तथ्य नाही.

नसबंदीची तारीख ठरलीच आहे, तर आत्ताच फोन करून एवढं विचारा: पित्ताम्लाची तपासणी त्याआधी किमान आठवडाभर होईल का, वजन शस्त्रक्रियेच्या सकाळी त्यांच्याच काट्यावर पुन्हा करणार का, किती तास उपाशी ठेवायचं (मोठ्या कुत्र्यासारखं आदल्या रात्रीपासून नको, २ किलोखाली बहुधा एक-दोन तासच पुरतात, पण तास त्यांच्याकडून लिहूनच घ्या), टेबलावर खालून-वरून ऊब द्यायची सोय आहे का, शिरेत सुई आधीच लावणार का, भुलीत आणि नंतर साखर आणि तापमान मोजणार का. भूल असताना गुडघ्याच्या वाटीची पायरी तपासून घ्या, स्नायू सैल असल्याने ती नीट कळते. दुधाचे सुळे राहिले असतील तर तेही त्याच वेळी. पहिला नंबर तिचा लावायला सांगा, म्हणजे उपास लांबणार नाही आणि घरी न्यायच्या आधी दिवसभर तिच्यावर लक्ष राहील. घरी आल्यावर तासाभरात चमचाभर ओलं खाणं द्या. तेही खाल्लं नाही किंवा संध्याकाळपर्यंत डोळे जड राहिले तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री फोन करा.